सोंग वठवावं तर असं!

आपल्या हॉस्टेलवर एखाद्याला गप्प करायचं असेल तर भांडावं लागत नाही. एकच शब्द पुरतो. 'ओव्हर!' कुणी कविता म्हणायला लागला, ओव्हर. मेसमध्ये भाजी चांगली झाली म्हणून कुणी काकांना मोठ्यानं दाद दिली, ओव्हर. प्रेझेंटेशनला कुणी हातवारे करून समजावायला लागला की मागच्या बाकांवरून खोकल्याची साथ सुरू. पहिल्या वर्षाला आलेली पोरं बघा. प्रत्येक जण घरून काहीतरी घेऊन आलेला असतो. कुणाची मिमिक्री, कुणाची बासरी, कुणाचं नुसतंच खळखळून हसणं. तिसऱ्या वर्षापर्यंत सगळे एकाच पट्टीत बोलायला लागतात. "काय नाय रे, चाललंय." आवाज खाली, खांदे खाली, आणि मत तर त्याहून खाली. याला आपण मॅच्युरिटी म्हणतो.

तर मंडळी, हा लेख 'ओव्हर' असण्याच्या बाजूचा आहे. साक्षीदार म्हणून मी एका अल्बमला उभं करणार आहे. 'क्वीन' या ब्रिटिश बँडचा 'अ नाइट ॲट द ऑपेरा', प्रकाशन नोव्हेंबर १९७५. त्यातलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' बहुतेकांनी ऐकलेलं असतं, निदान २०१८ साली त्याच नावाचा सिनेमा आल्यानंतर तरी. पण ते गाणं या अल्बमातलं अकरावं. त्याच्या आधी दहा गाणी आहेत आणि नंतर एक. सगळं मिळून त्रेचाळीस मिनिटांच्या आसपास. म्हणजे आपल्या एका लेक्चरपेक्षा कमी, आणि झोप येण्याची शक्यता शून्य.

माझ्याकडे हा अल्बम आला तो सिनियर्सकडून वारसाहक्कानं आलेल्या एका हार्ड डिस्कमधून. त्या डिस्कमध्ये मागच्या पाच-सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, तीन मायक्रोप्रोसेसरची जर्नलं आणि 'एकदा ऐक' नावाचं एक फोल्डर होतं. असो. आज तो कुणालाही फोनवर मिळतो, त्यामुळे मिळवायच्या कौतुकात मी जात नाही. ऐकल्यावर काय होतं ते सांगतो.

पहिलं गाणं 'डेथ ऑन टू लेग्ज'. पियानोचे सूर, मग भुताटकीसारखी गिटार, आणि मग जुन्या मॅनेजरच्या नावानं असा काही शिव्याशाप की ऐकणाऱ्याला वाटावं, आपणच कुणाचे तरी पैसे बुडवलेत. ते संपतं न संपतं तोच दुसरं गाणं, 'लेझिंग ऑन अ संडे आफ्टरनून'. मघाशी रक्त मागणारा माणूस आता टोपी घालून बागेत फिरायला निघालेला. जेमतेम एक मिनिट, आणि हाही खेळ खलास. तिसऱ्या गाण्यात ड्रमर रॉजर टेलर स्वतःच्या गाडीवर प्रेम करतो, अगदी गंभीरपणे, आणि शेवटी खऱ्याखुऱ्या गाडीचा आवाज येतो. चौथ्यात बेसवादक जॉन डीकन आपल्या बायकोला 'तूच माझी जिवलग' असं साध्यासरळ सुरात सांगतो. पाचवं '३९' हे गिटारवादक ब्रायन मेचं. ऐकायला लोकगीत, पण गोष्ट अंतराळवीरांची. ते प्रवासाला जातात, त्यांचं वय वर्षभरानं वाढतं, आणि परत येतात तेव्हा पृथ्वीवर शंभर वर्षं लोटलेली असतात. फर्स्ट इयरच्या फिजिक्समधलं टाइम डायलेशन! आपण ते पाच मार्कांसाठी पाठ केलं. या माणसानं त्यातलं दुःख पाहिलं. परत यायचं, पण ज्यांच्यासाठी यायचं ते कुणी उरलेलंच नसतं.

म्हणजे बघा, पाच गाण्यांत पाच माणसं, पाच वेश. ऑपेरा म्हणजे पात्रांनी गाऊन सांगितलेलं नाटक. आपल्या संगीत नाटकाच्या दूरच्या नात्यातलं. या अल्बमात सलग एक गोष्ट नाही, पण प्रत्येक गाण्याला पडदा उघडतो, एक पात्र येतं, आपलं सोंग पुरेपूर वठवतं आणि जातं. मधे कुठंही कुणी कानात येऊन 'आम्ही गंमत करतोय हं' असं सांगत नाही.

गंमत मात्र आहेच. अल्बमचं नावच मार्क्स ब्रदर्सच्या १९३५ सालच्या विनोदी सिनेमावरून घेतलंय. त्या सिनेमात ऑपेराच्या प्रतिष्ठित प्रयोगाचा पार बोजवारा उडतो. म्हणजे थाट ऑपेराचा आणि डोळा मिचकावून. तरीही कामात कुठं हयगय नाही. माझ्या मते या अल्बमची सगळी जादू या दोन गोष्टी एकत्र असण्यात आहे.

आता हे सगळं कुठल्या परिस्थितीत झालं ते ऐका. १९७५ सालापर्यंत क्वीनचे तीन अल्बम आले होते. 'किलर क्वीन' हे गाणं १९७४ मध्ये गाजलं होतं. जगाला वाटत होतं, पोरं मालामाल झाली. प्रत्यक्षात करार असा होता की चौघंही आठवड्याच्या ठरावीक पगारावर आणि बँड कर्जात. आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. त्यातच ब्रायन मे १९७४ मध्ये आजारानं अंथरुणाला खिळून गेला होता. त्या जुन्या कंपनीतून कसेबसे बाहेर पडून त्यांनी हा अल्बम सुरू केला. हा पडला असता तर पुढे काही नव्हतं. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? 'किलर क्वीन'सारखीच दहा गाणी काढेल. यांनी काय केलं? सहा-सात स्टुडिओ पालथे घातले आणि इतका खर्च केला की त्या काळातल्या सर्वांत महागड्या अल्बमांत याचं नाव घेतलं जातं. ब्रास बँड, वीणेसारखी हार्प, महापुराचं स्वप्न, ऑपेरा, आणि शेवटी राष्ट्रगीत. जे जे येत होतं ते सगळं.

याच्या मध्यभागी उभा असलेला माणूस म्हणजे फ्रेडी मर्क्युरी. मूळ नाव फारुख बलसारा. पारशी कुटुंब, जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६. आणि शाळा? आपल्या पाचगणीची! आठ वर्षांच्या आसपास असताना आईवडिलांनी त्याला समुद्रापलीकडे सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. म्हणजे गडी पक्का हॉस्टेलवाला. तिथंच तो पियानो शिकला, तिथंच त्याचं 'फ्रेडी' झालं आणि तिथंच त्यानं 'हेक्टिक्स' नावाचा शाळकरी बँड काढला. १९६४ साली झांझिबारमधल्या क्रांतीनंतर कुटुंबाला इंग्लंड गाठावं लागलं. तिथं त्यानं कला महाविद्यालयात ग्राफिक्स शिकत असताना हीथ्रो विमानतळावर सामान उचलायचं कामही केलं. पुढे आलेले दात, परकं नाव, वेगळा रंग. लपून राहायला, आवाज खाली ठेवायला त्याच्याकडे कारणं भरपूर होती. खासगीत तो लाजाळू होता असं त्याला ओळखणारे सांगतात. तो स्टेजवर मात्र अख्ख्या स्टेडियमला खिशात घालत असे. लाजाळू माणसाला मोठं व्हायला सोंग उपयोगी पडतं, हे मला त्याच्यामुळे कळलं.

पण नुसता थाट असता तर हा लेख मी इंजिनिअरिंगच्या मासिकात लिहिला नसता. खरी मजा वर्कशॉपमध्ये आहे.

ब्रायन मेची गिटार बघा. दुकानातली नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये, शाळेत असताना, त्यानं वडिलांबरोबर ती घरी बनवायला घेतली आणि जवळजवळ दोन वर्षं लावली. गिटारच्या मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड. ट्रेमोलोला मोटरसायकलच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा. दांडीच्या टोकाला विणकामाच्या सुईचं टोक. खुणांचे ठिपके आईच्या शिंपल्याच्या बटणांचे. आणि ती वाजवतो सहा पेन्सच्या नाण्यानं! हाच माणूस लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात खगोलभौतिकीवर पीएच.डी. करत होता. १९७४ च्या सुमारास ती अर्धवट राहिली, ती त्यानं २००७ साली पूर्ण केली. ज्यांच्या केटी राहिल्यात त्यांनी हे वाक्य कापून भिंतीला लावावं.

जॉन डीकन तर आपल्याच जातकुळीतला. चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, तीही फर्स्ट क्लास. त्याला १९७२ साली रस्त्याकडेला टाकलेल्या भंगारात एक सर्किट बोर्ड सापडला. तो त्यानं एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला, झाला ॲम्प्लिफायर. या अल्बमातलं 'गुड कंपनी' ऐका. त्यात ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन अशी जुनी जॅझ मंडळी वाजवताना ऐकू येतात. त्यातलं एकही वाद्य स्टुडिओत नव्हतं. ती सगळी मेची गिटार आणि हा भंगारातला ॲम्प. एकेक सूर वेगवेगळा वाजवून, जोडून, अख्खा बँड उभा केलेला. आपण लॅबमध्ये 'सर, आयसी खराब आहे' म्हणून बाहेर पडतो, त्यांनी हे आवर्जून ऐकावं.

बाकी उद्योगही असेच. दुसऱ्या गाण्यात आवाज जुन्या भोंग्यातून आल्यासारखा हवा होता. मग गायलेला आवाज हेडफोनमध्ये सोडला, हेडफोन पत्र्याच्या बादलीत ठेवला आणि बादलीसमोर माइक लावला. 'सीसाइड राँदेव्हू'त वाजणारी फुंकवाद्यं म्हणजे मर्क्युरी आणि टेलर यांनी तोंडानं काढलेले आवाज. त्यातलं टॅप नृत्य म्हणजे शिवताना बोटात घालतात ती टोपणं घालून मिक्सिंग डेस्कवर बडवलेली बोटं. 'लव्ह ऑफ माय लाइफ'मधली हार्प मेनं एकेक तुकडा वाजवून जोडली. आठ मिनिटांच्या 'द प्रॉफेट्स साँग'मध्ये मर्क्युरीचा आवाज डिलेनं मागून परत येतो आणि तो स्वतःच्याच प्रतिध्वनीबरोबर गातो. अंधारात हेडफोन लावून तो भाग ऐकला की देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. आणि अल्बमच्या वेष्टणावर छापलेलं होतं की यात सिंथेसायझर वापरलेला नाही. एवढं सगळं करून झाल्यावर लोकांनी 'यंत्रानं केलं असेल' म्हणू नये, एवढीच माफक अपेक्षा.

आता 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. आधी हळवं गाणं, मग गिटार, मग ऑपेरा, मग धडाकेबाज रॉक, आणि शेवटी दमून बसलेला एक आवाज. ऑपेराच्या भागात जमावच्या जमाव गातो असं वाटतं. गाणारे गळे फक्त तीन. मधले सूर मर्क्युरीचे, खालचे मेचे आणि सगळ्यांत वरचे, कानाला टाचणी लागावी असे, टेलरचे. टेपवर ट्रॅक चोवीस. तिघांनी एक ओळ गायची, पुन्हा तीच, पुन्हा तीच. मग ते सगळे ट्रॅक मिसळून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुढचं गायचं. यात गोम अशी की एकदा मिसळलं की वेगळं करता येत नाही. तिथं 'अन्डू' नाही. एक सूर हलला तर तो कायमचा हलला. हे काम सुमारे तीन आठवडे, दिवसाला दहा-बारा तास चाललं. आवाजांचे थर एकशे ऐंशीपर्यंत गेले असं सांगतात. टेप हेडवरून इतकी फिरली की तिच्यावरचा ऑक्साइडचा थर झिजला आणि उजेडासमोर धरली तर आरपार दिसायला लागलं, असं निर्माता रॉय थॉमस बेकर सांगत असे. 'ओव्हर' म्हणजे काय ते हे!

गाणं तयार झाल्यावर रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं होतं की सहा मिनिटांचं गाणं रेडिओवर कुणी वाजवणार नाही, कापा. चौघं अडून बसले. कापणार नाही. मग केनी एव्हरेट या रेडिओ निवेदकानं शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत ते लंडनच्या कॅपिटल रेडिओवर चौदा वेळा वाजवलं. पुढे ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. २४ नोव्हेंबर १९९१ ला मर्क्युरी एड्सनं गेला, त्यानंतर ते पुन्हा एकदा पहिल्या क्रमांकावर आलं.

आता थोडं आमच्या खोलीबद्दल. माझा पार्टनर एका लहान गावातला. त्याचे आजोबा यात्रेत भारुड करायचे आणि याला सगळं तोंडपाठ. फर्स्ट इयरच्या ओळखपरेडच्या रात्री त्यानं ते सुरू केलं, घरी करतात तसंच, अंगात आल्यासारखं. दीड मिनिटात अख्खी विंग गडाबडा लोळत होती. भारुडातल्या विनोदाला नव्हे, त्याला हसत होती. त्या रात्री त्याला एक टोपणनाव चिकटलं. नंतर दोन वर्षं तो गायचा सोडाच, गुणगुणलासुद्धा नाही.

एकदा सबमिशनच्या रात्री मी स्पीकरवर हे गाणं लावलं होतं. ऑपेराचा भाग सुरू झाला आणि हा पठ्ठ्या शीटवरची पेन्सिल थांबवून ताठ बसला.

"अरे, हे भारुडच आहे की!"

"काय?"

"बघ ना. एक जण सोंग घेऊन उभा, बाकीचे टाळकरी. हा गयावया करतोय, घोळका ऐकत नाही. मधेच आरडाओरडा, मधेच चेष्टा. आमचे आजोबा अस्संच करायचे. एकटेच तिघांचे आवाज काढायचे."

गाणं संपलं. त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. मग विचारलं, "यांना कुणी हसलं नाही?"

"हसले असतील की."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि त्यालाही ते नको होतं. तो पुन्हा शीटकडे वळला. पण गॅदरिंगला त्यानं नाव दिलं. मेसच्या काकांकडून घोंगडी मागून आणली, डोक्याला फडकं बांधलं. पहिलं मिनिटभर पुढच्या रांगांतून तेच हसू आलं. मी विंगेत उभा होतो, माझ्याच हातापायाला घाम. यानं आवाज कमी करायच्या ऐवजी वाढवला. हसणाऱ्यांकडे बघून हात जोडले, त्यांनाच भारुडातलं पात्र केलं आणि पुढे गेला. बक्षीस मिळालं नाही. टोपणनावही सुटलं नाही. पण आता तो कपडे वाळत घालताना गातो आणि बाथरूमच्या रांगेतली पोरं मागची ओळ धरतात.

त्याच्याकडून मला एक शब्द नीट कळला. सोंग. आपण सोंग आणि ढोंग जोडीनं वापरतो, पण दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोंगात घेणाऱ्याला माहीत असतं आणि बघणाऱ्यालाही माहीत असतं की हे सोंग आहे. दोघं मिळून ते खेळतात आणि त्यातून काहीतरी खरं बाहेर येतं. ढोंगात फक्त करणाऱ्यालाच माहीत असतं. क्वीनचंच बघा. ऑपेराचा तो भाग स्टेजवर तिघांनी गाणं शक्यच नव्हतं. मग ते काय करत? तोंडं हलवत उभे राहत नसत. स्टेज सोडून आत जात, टेप वाजे, दिवे फिरत आणि रॉकचा भाग आला की पुन्हा धावत बाहेर! एवढा नाटकी बँड, पण तिथं ढोंग केलं नाही.

आणि उलट बाजू? आमच्या विंगमध्ये कोपऱ्यातल्या खोलीत एक मुलगा राहायचा. शांत, कधी ओव्हर नाही. भेटला की आम्ही विचारायचो, "कसं चाललंय?" तो म्हणायचा, "चाललंय." एका सकाळी त्याची खोली रिकामी. कॉलेज सोडून घरी गेला होता. घरी काय झालं होतं, अभ्यासाचं काय झालं होतं, दोन वर्षं त्याच्या डोक्यात काय चाललं होतं, हे भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. आदल्या रात्री मेसमध्ये तो आमच्याच टेबलावर होता. "चाललंय" म्हणाला होता. आपण ज्याला मॅच्युरिटी म्हणतो तो खालचा आवाज म्हणजेच कित्येकदा खरं ढोंग असतो, आणि ते आपण एकमेकांकडून करवून घेतो. हसून, खोकून, 'ओव्हर' म्हणून.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी. हा अल्बम सगळ्यांना आवडेल असं नाही. 'स्वीट लेडी' मला अजूनही जरा भरीचं वाटतं. शिवाय पुढच्याच एक-दोन वर्षांत लंडनमध्ये पंक आलं. तीन कॉर्ड, फाटके कपडे, दोन मिनिटांत गाणं खलास. त्या पोरांचं म्हणणं होतं की असल्या थाटामाटाच्या संगीताचा आमच्या आयुष्याशी काय संबंध? त्यांचंही चूक नव्हतं. साधेपणात ताकद असतेच. याच अल्बमातलं 'लव्ह ऑफ माय लाइफ' पुढे स्टेजवर फक्त एका गिटारवर व्हायचं आणि हजारो लोक ते स्वतःच म्हणायचे. पण साधेपणा निवडलेला असावा. लोक हसतील म्हणून आलेला साधेपणा म्हणजे नुसतीच भीती, तिला साधेपणा कशाला म्हणायचं? आणि थाटालाही एक अट आहेच. त्याच्यामागे तीन आठवडे रोज दहा-बारा तास उभं राहायची तयारी हवी. नुसती घोंगडी पांघरून भारुड होत नाही. पार्टनरला सगळं तोंडपाठ होतं म्हणून तो हसणाऱ्यांना पुरून उरला.

थोडक्यात काय, हा अल्बम मला सांगतो की एकाच माणसात मॅनेजरवर चिडलेला, बागेत फिरणारा, बायकोवर प्रेम करणारा, शंभर वर्षांनी परतलेला आणि फाशीच्या भीतीनं थरथरणारा असे सगळे जण राहू शकतात. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी आणि हार्प एका घरात नांदू शकतात. आपल्याला मात्र पहिल्या दिवसापासून एकच रकाना भरायला सांगतात. ब्रँच कुठली? पॅकेज किती? त्या रकान्यात न मावणारं जे काही उरतं त्याचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

तेव्हा एक विनंती. पीएलमध्ये एखाद्या रात्री डोकं चालेनासं झालं की रूममधला दिवा घालवा, हेडफोन लावा आणि हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. शफल नको, पुढे ढकलणं नको. मूळ रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला सात गाणी होती आणि दुसऱ्या बाजूला पाच. सातव्यानंतर थांबून पाणी प्या, म्हणजे मध्यंतर होईल. 'द प्रॉफेट्स साँग'ला डोळे मिटा. अकरावं गाणं संपलं की लगेच उठू नका. बारावं राहिलंय. ते आहे ब्रिटनचं राष्ट्रगीत, मेच्या गिटारांच्या थरांवर वाजवलेलं. क्वीनचे कार्यक्रमही त्यावरच संपायचे. इतका वेळ इतकी सोंगं घेतल्यावर चौघं जण भरतवाक्याला हात जोडून उभे राहावेत, तसं.

आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतला कुणी "चाललंय" म्हणाला, तर त्याच्या दारात जरा जास्त वेळ उभे राहा. तो काही सांगायला लागला आणि सांगता सांगता आवाज चढला, हातवारे झाले, डोळ्यात पाणी आलं, तरी चालेल. होऊ दे ओव्हर.

— बी.ई., अणुविद्युत व दूरसंचार